कवडूजींनी न मागितलेला फोन

कवडूजी गजभिये भिलाईच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं पंपावर होते. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातून ते १९६१ साली आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यांच्याजवळ एक सतरंजी आणि बाबासाहेबांचा एक फोटो होता. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी हार घालून चार शब्द सांगितले. त्यातला एक असा होता की गजभियेंनी आपली जागा एक मिनिटही रिकामी ठेवली नाही. टाळ्या पडल्या. कवडूजी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, माणूस लाजतो आहे.

पंपाचं काम दिसायला सोपं होतं. फर्नेसच्या, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीच्या, भिंतींना बाहेरून सतत गार पाणी खेळवावं लागतं. पाणी थांबलं तर पुढे काय होईल ते कोणी पाहायला थांबत नाही. त्या पाण्याचा दाब दाखवणारा काटा एका खोलीत होता आणि त्या काट्यासमोर आठ तास एक माणूस बसे. दुसऱ्या शिफ्टचा माणूस आला, त्याने काटा पाहिला, वहीत सही केली की पहिल्याने उठायचं. पुढचा आला नाही तर उठायचं नाही. मग बारा तास होवोत की सोळा. ही शिस्त सगळ्यांनाच होती, पण बाकीचे लोक त्यातून वाट काढत. फोरमनला सांगत, शेजारच्याला दहा मिनिटं बसवत, कॅन्टीनच्या पोऱ्यालाही एखादा बसवून जाई. कवडूजींनी तसं कधी केलं नाही आणि त्याला कारण होतं.

नोकरीला दोन वर्षं झाली असताना गावाहून तार आली होती, आई फार आजारी. कवडूजींनी भीत भीत सुटी मागितली, मिळालीही. आई गेली. तेराव्या दिवशी परत येऊन ते हजेरीच्या रांगेत उभे राहिले तेव्हा तिथल्या एका चार्जमनने, म्हणजे फोरमनच्या हाताखालच्या मुकादमाने, सगळ्यांदेखत विचारलं, "क्यों रे, अब कौन मरने वाला है? तुम लोगों को नौकरी भी चाहिए और छुट्टी भी." रांगेतले काही हसले, काहींनी दुसरीकडे पाहिलं. कवडूजी हजेरी लावून पंपावर गेले. त्या दिवसानंतर त्यांनी कारखान्यात कोणाकडे काही मागितलं नाही. हक्काची सुटी घेत, ती महिनाभर आधी लेखी अर्ज देऊन. घरी ते बायकोला, कमलाबाईला, म्हणत, "आपल्याकडं कोनी बोट दाखवाले नोको." तो चार्जमन पुढे बदलून गेला, त्याचं नावही लोक विसरले. पण कवडूजींच्या कानात तो बसून राहिला.

त्यांना एकच मुलगी, सत्यशीला. ती तेरा वर्षांची असताना कवडूजींचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. इस्पितळातल्या सर्जनने तीन तास खपून बोटं वाचवली. सतरा टाके पडले. पट्टी बदलायची वेळ आली की कमलाबाई स्वयंपाकघरात जाऊन बसे आणि ही पोरगी नाक न मुरडता बापाचा हात मांडीवर घेई. टाके निघाले त्या दिवशी तिने सर्जनला सरळ विचारलं, "बोट हलते कसं मंग? आतमदी काय जोडलं तुमी?" सर्जन हसला आणि कागदावर चित्र काढून त्याने तिला दाखवलं. तो कागद तिने बरीच वर्षं ठेवला होता.

मुलगी हुशार निघाली. रायपूरला मेडिकलला नंबर लागला, सेक्टरमधल्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या, लोकांनी बुद्धविहारात तिचा सत्कार केला. एम.बी.बी.एस. झाली, इंटर्नशिप झाली, मग सर्जरीच्या वॉर्डात वर्षभर हाऊस जॉब केला. सर्जरीच करायची म्हणाली तेव्हा सगळ्यांनी समजावून पाहिलं. बायकांनी बाळंतपणं करावीत, चिराफाडीत काय ठेवलंय, असं तिच्या सरांनीही म्हटलं. ती बधली नाही. एम.एस.चा अर्ज आणला तो बाप-लेकीने मिळून दोन दिवस भरला. अक्षर सत्यशीलाचं, फोटो डिंकाने चिकटवणं कवडूजींचं. राखीव जागा एकच होती. गुणांची यादी लागली त्यात त्या एका जागेसाठी तिचं नाव पहिलं आलं. आता राहिली होती मुलाखत. मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहायचं, नाव पुकारलं की हो म्हणायचं, सही करायची. नाही आला त्याची जागा खालच्या नावाला.

हे १९८१ साल. त्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली.

तशी साथ आधी कोणी पाहिली नव्हती. सकाळी उठावं तो पापण्या चिकटलेल्या, डोळे रक्तासारखे लाल, पाणी वाहतंय. सगळ्या जगात पसरली आहे असं रेडिओ सांगत होता. सेक्टरच्या बाजारात काळे चष्मे संपले. नुसतं पाहिल्यानेही लागते अशी लोकांची समजूत, त्यामुळे माणसं एकमेकांशी बोलताना आभाळाकडे पाहत. कोणी गुलाबपाणी घाली, कोणी लेकुरवाळीचं दूध. या साथीने मेलं कोणी नाही. पाच-सात दिवसांत माणूस बरा होई. पण तेवढे पाच-सात दिवस तो कामाचा नसे आणि एका वेळी निम्मं गाव बिनकामाचं होई. कारखान्यात हुकूम निघाला, ज्याचा डोळा लाल त्याने घरी राहावं.

मुलाखत वीस जुलैला होती. घेणाऱ्यांतल्या दोघांचे डोळे आले, बोलावलेल्यांपैकी कितीतरी जणांचे आले. तारीख पुढे गेली, नवी तारीख तारेने कळवू म्हणाले. दरम्यान कारखान्याच्याच, नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही साथीने गाठलं आणि तिथे महिनाभर माणूस हवा होता. सत्यशीला गेली. कागदांची फाइल ती बरोबरच घेऊन गेली. जाताना बापाला म्हणाली, "तार आली का फोन करा, बाबा. कारखान्यातून लागते नंदिनीले फोन. खाणीची जीप असते, दीड-दोन घंट्यात रायपूर."

"करतो ना," कवडूजी म्हणाले.

एकोणीस ऑगस्ट, बुधवार. कवडूजींची पहिली शिफ्ट होती, सकाळी सहा ते दुपारी दोन. अकराच्या सुमारास क्वार्टरवर तार आली. कुठे अडकून पडली होती कोणास ठाऊक, कारण मुलाखत त्याच दिवशी होती, दुपारी चार वाजता. कमलाबाईने शेजाऱ्याकडून तार वाचून घेतली, मागच्या बाजूला पेन्सिलीने मराठीत लिहून घेतली आणि पदर खोचून रिक्षाने गेट गाठलं. आत जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातात तिने तो कागद दिला. "पंपावर गजभियेले द्या बावा. लवकर. आन् फोन करा म्हनावं नंदिनीले." तिचं काम झालं. ती घरी येऊन वाट पाहत बसली.

साडेबाराला कागद कवडूजींच्या हातात पडला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. फोन फोरमनच्या खोलीत होता. पंपाच्या दारातून ती खोली दिसे, शंभरेक पावलं असेल. पण काटा सोडून शंभर पावलं जायचं म्हणजे कोणाला तरी बसवावं लागणार, म्हणजे मागावं लागणार. आणि फोन घरच्या कामासाठी. त्यांनी मनात मांडणी केली. दोनला धोंडबा येईल. धोंडबा मेश्राम म्हणजे त्यांचा रिलीव्हर, पुढच्या शिफ्टला त्यांची जागा घेणारा, त्यांच्याच जिल्ह्यातला, पावणेदोनला हटकून दारात उभा राहणारा माणूस. दोन वाजून दहा मिनिटांनी आपण गेटबाहेर. बाहेर सोसायटीच्या दुकानात फोन आहे. सव्वादोनला नंदिनी. अडीचला जीप. चारला रायपूर. बसतं. थोडं घट्ट बसतं, पण बसतं.

एक वाजता फोरमन भैयालाल फेरीवर आला. दुर्गकडचा माणूस, मोठ्या आवाजाचा, मनाने सैल. डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा होता.

"का हाल हे कवडू भाई? सब बने?"

"बने हे साहेब, ठीक आहे."

"आँख?"

"साफ आहे."

"दिखा तो... अरे नहीं, मत दिखा! उधर देख के बात कर!" भैयालाल स्वतःच हसला. "घर में पाँचवाँ चश्मा लिया हूँ. घरवाली की तो आँखच नहीं खुल रही. वैसे अच्छा हे, तीन दिन से मेरा चेहरा नहीं देखी, झगड़ा बंद हे." त्याने काटा पाहिला, वहीत सही केली. मग जाता जाता वळला. "अरे, तुम्हारी डॉक्टर बिटिया कहाँ हे आजकल? कोई दवा पूछना था."

"नंदिनीले आहे साहेब."

"नंदिनी? अपनेच फोन से लग जाएगा. कभी बात करा देना."

कवडूजींचा हात खिशाकडे गेला. कागद बोटांना लागला. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, आत्ताच लावता का. भैयालाल दारात उभा होता, घाईतही नव्हता. त्या वेळी आपल्याला काय वाटलं हे कवडूजींना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. कोणी हसलं असतं असं नाही. भैयालाल तर नक्कीच हसला नसता. पण अठरा वर्षं जे तोंड मागायला उघडलं नव्हतं ते ऐन वेळी उघडेना. आणि दोन वाजताच होते.

"हो साहेब," ते म्हणाले. भैयालाल गेला.

पावणेदोन झाले, धोंडबा आला नाही. दोनचा भोंगा झाला. सगळीकडे माणसं निघाली, दुसरी आली, त्यांत धोंडबा नव्हता. सव्वादोनला कवडूजी दारात उभे राहून एक डोळा काट्यावर आणि एक रस्त्यावर ठेवून होते. भैयालाल खोलीत नव्हता. त्या दिवशी त्याच्या हाताखालचे अकरा रिलीव्हर आले नव्हते आणि तो माणसं गोळा करत कारखानाभर फिरत होता. अडीच झाले. पावणेतीन. समोरून दोघे जण सायकली ढकलत गेले. कवडूजींनी हाक मारली, पण पंपांच्या आवाजात ती त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही. खोली सोडून धावत जावं असं त्यांना वाटलंच नाही असं नाही. ते उंबऱ्याबाहेर चार पावलं गेलेही. काटा जरासा थरथरला, नेहमी थरथरतो तसा, आणि ते परत आले.

तीन वाजून वीस मिनिटांनी भैयालाल घामाने भिजून आला. "कवडू भाई, डबल करना पड़ेगा. धोंडबा का खबर आया, सुबह से आँख..." कवडूजींनी तार पुढे केली. भैयालालने चष्मा कपाळावर चढवून ती वाचली.

"ये कब आया?"

"साडेबारा."

"एक बजे मैं यहीं खड़ा था. यहीं!"

कवडूजी काट्याकडे पाहत राहिले.

"बिटिया का नाम मैंने खुद लिया," भैयालाल म्हणाला. त्याचा आवाज एकदम बसला होता. "एक बार बोला तो होता, कवडू भाई." मग तो फोनकडे पळाला. जाड अंगाचा माणूस, पण खरोखर पळाला.

नंदिनीला फोन लागला. सत्यशीला रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांत थेंब घालत होती. जीप दुसऱ्या फेरीवर गेलेली. चुनखडीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ती हायवेपर्यंत आली, तिथून बस. रायपूरला कॉलेजात पोचली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. खोलीला कुलूप लावणारा बाबू सभ्य माणूस होता. तो म्हणाला, साडेचारपर्यंत तुमचं नाव तीनदा पुकारलं. आधी नुसता निरोप जरी आला असता तरी थांबलो असतो. आता खालच्या नावाची सही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली. सोळा तासांची शिफ्ट करून कवडूजी पलंगावर बसले होते.

"बाबा, तार उशिरा मिळाली का तुमाले?"

"साडेबाराले मिळाली. दोन वाजता निघून फोन करनार होतो. धोंडबा आलाच नाही."

यातला शब्दन् शब्द खरा होता. एक वाजताचं तेवढं राहिलं.

"मेला धोंडबा!" कमलाबाई कडाडली. "रोज पावणेदोनले येते आन् कालच मराले गेल्ता! निरोप धाडता येत नोयता त्याले?" सत्यशीलाने फाइल ट्रंकेत ठेवली, तोंड धुतलं आणि भाताचं आधण चढवलं.

आठ दिवसांनी धोंडबा आला. डोळे अजून किलकिले होते, हातात पिशवीभर सीताफळं. पायरीवरच बसला. "जयभीम कवडूभाऊ. लई वाईट झालं. डोळे उघडत नोयते, अन् हुकूमच होता ना, लाल डोळा घेऊन येऊ नोको म्हनून. बाई, मी कोनाच्या हाती निरोप धाडाले पायजे होता." दारात उभी असलेली सत्यशीला आत निघून गेली. धोंडबा तिच्या पाठीकडे पाहत राहिला. तो रडू लागला तेव्हा कवडूजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे धोंडबा. होते मानसाकडून."

म्हणजे त्यांनी धोंडबाला माफ केलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांना एक वाजताच्या फेरीपेक्षाही आपलं हे वाक्य जास्त आठवत असे.

भैयालालने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

पुढच्या वर्षी नियम बदलले, परीक्षा आली. कमलाबाईला त्याच सुमारास अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचं सगळं करत करत सत्यशीलाने परीक्षा दिली. थोड्या गुणांनी जागा गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तिने अर्ज आणला, पण भरला नाही. चौऱ्याऐंशी साली सरकारी नोकरी लागली, दुर्गजवळच्या उतई गावच्या आरोग्य केंद्रात. स्थळं आली ती तिने परत पाठवली. कमलाबाई शहाऐंशीत गेली. कवडूजी रिटायर होऊन क्वार्टर सोडल्यावर लेकीकडे उतईला राहायला आले. केंद्रात लहानसहान जखमा ती स्वतः शिवे. लोक सांगत, बाईंनी घातलेला टाका दिसत नाही. पोट फुगलेला, आतडं अडकलेला कोणी आला की ती चिठ्ठी लिहून त्याला दुर्गला पाठवी आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत व्हरांड्यात उभी राही. कवडूजी खिडकीतून हे पाहत.

धोंडबाशी ती कधी बोलली नाही. विहारात, लग्नांत, मयतीला तो समोर आला की ती उठून जाई. तो बिचारा लांबूनच हात जोडे.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात धोंडबा आजारी पडला. भिलाईत नेहरू नगरच्या मागे त्याने घर बांधलं होतं. कवडूजी बघायला गेले तर छाती भात्यासारखी वरखाली होत होती. इस्पितळाने घरी न्या म्हणून सांगितलेलं. तो कवडूजींचा हात धरून म्हणाला, "डाक्टरीनबाईले एक डाव आना भाऊ. औषध नाही मांगत. एक डाव माह्याकडं पाह्यलं म्हंजे झालं."

दुपारी केंद्रातली गर्दी ओसरल्यावर कवडूजींनी लेकीला निरोप सांगितला.

"मी नाही जात," सत्यशीला जेवता जेवता म्हणाली. "त्याईले सांगा, माह्या मनात काही नाही. पन मी नाही जात."

"त्याची चूक नोयती, शीला."

"माहीत आहे. डोळे आले होते. तरी मन नाही होत, बाबा."

"तसं नाही." कवडूजी तिच्या ताटाकडे पाहत होते. "एक वाजता भैयालाल आल्ता पंपावर. तार माह्या खिशात होती. त्यानं तुहं नावबी काढलं. फोन लागते म्हने. मी मांगतला नाही."

सत्यशीलाचा घास हातातच राहिला. "कावून?"

मग कवडूजींनी तिला ती हजेरीची रांग सांगितली, आईची तार, तो चार्जमन. हे त्यांनी कमलाबाईलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगताना त्यांना जाणवलं की इतक्या वर्षांनंतर ते वाक्य अगदी छोटं वाटतं, कोणीही हसून सोडून द्यावं असं. त्याच्या बदल्यात जे गेलं ते मात्र समोर बसलं होतं.

तिचा हात ताटातच सुकून गेला.

"हे तुमी मले सांगाले नोको होतं, बाबा."

"धोंडबा मरून राहिला, शीला. त्याच्या डोक्यावर..."

"समजलं." ती उठली, हात धुतला. पाठमोरीच बोलली. "दहा वर्षं त्या मानसावर राग धरला का दिवस निघून जाये. आता कोनावर धरू?"

"माह्यावर धर."

"तुमच्यावर धरता येते का?" ती म्हणाली. "तो चार्जमनबी कुठं मेला असन काय माहीत." तिने बॅग उचलली. कवडूजी चपला शोधू लागले तेव्हा तिने नुसती मान हलवली. "तुमी नका येऊ."

ती एकटीच बसने गेली. धोंडबा पुढे नऊ दिवस जगला आणि ते नऊही दिवस केंद्रातलं काम आटोपून ती त्याच्याकडे जाऊन आली. तिने त्याला काय सांगितलं, खरं सांगितलं की नाही, हे तिने बापाला सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मयतीला धोंडबाच्या मुलाने कवडूजींना जयभीम घातला, पाया पडला. त्यावरून त्यांना काहीच अंदाज आला नाही.

कवडूजी त्यानंतर सहा वर्षं होते. त्यांच्या चहाची वेळ कधी चुकली नाही, गोळ्या संपल्या नाहीत, थंडीत गरम पाणी मिळालं. लेकीने आवाज कधी चढवला नाही. पूर्वी ती केंद्रातून आली की पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसे आणि दिवसभरात कोण आलं, कोणाला काय झालं, कोणाला दुर्गला पाठवावं लागलं, सगळं बापाला सांगे. ते थांबलं. सुरुवातीला ते स्वतः विचारून पाहत.

"आज काय आल्तं वो?"

"नेहमीचंच," ती म्हणे, आणि कंदील पुसायला घेई.